कथील, शिसें आणि बिनतारी यंत्रांची हौस

१९४२ सालच्या नागपंचमीस, १६ ऑगस्ट रोजीं, वर्धा नदीच्या पूर्वेस असलेल्या आष्टी गांवीं जमाव पोलीस ठाण्यावर चालून गेला. गोळीबार झाला, दोन्ही बाजूंचीं माणसें मेलीं. त्याच दिवशीं चिमूर पेटलें. नदीच्या अलीकडे, मोर्शी तालुक्याच्या त्या वेळच्या हद्दींत, बेनोडा येथेंही त्याच महिन्यांत गोळ्या झडल्या, आणि त्या गांवाच्या नांवास जोडलेला ‘शहीद’ हा शब्द आजतागायत तसाच आहे. मोर्शीहून आष्टी कांहीं दूर नव्हे. वर्धेचें पात्र ओलांडलें कीं बैलगाडीची एका दिवसाची वाट. तथापि वर्तमानपत्रांच्या तोंडास कुलूप होतें, आणि शेजारच्या तालुक्यांत काय घडलें हें समजण्यास कर्णोपकर्णीं येणाऱ्या वार्तेवांचून दुसरें साधन फारसें नव्हतें. ह्या हकीकती उघडपणें सांगणारा आवाज उठला तो दूर मुंबईस, आणि तोही छापील अक्षरांतून नव्हे, तर ४२.३४ मीटरच्या लहरींवरून.

तें केंद्र म्हणजे काँग्रेस रेडिओ. उषा मेहता ही बावीस वर्षांची विद्यार्थिनी, बाबूभाई खाकर, चंद्रकांत झवेरी, पाठीशीं राममनोहर लोहिया, हीं नांवें सर्वश्रुत आहेत. परंतु ज्या यंत्रांतून हा आवाज निघाला तें कोण्या परदेशी कारखान्यांतून पेटींत बंद होऊन आलेलें नव्हतें. तें सुटे भाग जुळवून हातानें उभें केलेलें होतें. अशा यंत्रांत व्हॉल्व्ह, कंडेन्सर, वेटोळीं आणि तारा ह्यांचे डझनांनीं सांधे असतात, आणि त्यांपैकीं एक जरी कच्चा राहिला तरी बोलणारा बोलत राहतो आणि ऐकणाऱ्याच्या कानीं नुसती खरखर येते. हे सांधे ज्यानें होतात त्या डाखाकडे इतिहासकाराचें लक्ष सहसा जात नाहीं. वास्तविक हौशी मनुष्यानें घरीं बिनतारी यंत्र बांधावयास घेतलें म्हणजे पहिली निवड त्यास करावी लागते ती डाखाचीच.

ही निवड आपल्या लोकांस अगदींच अपरिचित होती असें नव्हे. वऱ्हाडांतील काय किंवा देशावरील काय, कोणत्याही बाजाराच्या गांवीं धातूस धातु जोडणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या वावरत आले. सोनार, तांबट, कासार, आणि दारोदार फिरणारा कल्हईवाला. कल्हईवाला झाडाखालीं भाता मांडी, निखाऱ्यांवर भांडें तापवी, त्यांत नवसागराची चिमूट टाकी. पांढरा धूर उठे, आणि कथलाची कांडी तापल्या अंगास टेकवून कापसाच्या बोळ्यानें तो ती क्षणांत भांडेंभर पसरवी. पोरें भोंवतीं उभीं राहून हा चमत्कार पाहत. चमत्काराचें मर्म असें कीं, नवसागर तापला म्हणजे त्यांतून अमोनिया आणि मिठाच्या तेजाबाची वाफ निघते. ती वाफ तांब्यापितळेवरील काळपट थर खाऊन टाकते आणि उघड्या पडलेल्या स्वच्छ धातूस कथील बिलगतें. मळक्या धातूस डाख धरीत नाहीं, हा नियम कल्हईवाल्यास पुस्तकांतून शिकावा लागला नव्हता.

दुसरीही एक गोष्ट त्यास ठाऊक होती, आणि ती त्याच्या सचोटीची परीक्षा होती. बिनकल्हईच्या पितळेंत ताक किंवा चिंचेचें सार कळकतें, म्हणून कथील लावावयाचें. परंतु कथील महाग आणि शिसें स्वस्त. हिंदुस्थानांत बस्तरकडील थोडासा साठा सोडला तर कथील असें नाहींच. तें समुद्रापलीकडून, मलायाकडून यावयाचें. ‘कल्हई’ हा शब्दच मलायाकडील एका जुन्या बंदराच्या नांवावरून अरबी भाषेच्या वाटेनें आला असें मानतात. तेव्हां लबाड कल्हईवाला कथलांत शिसें मिसळी. भांडें तितकेंच चकाके, पण अन्नांत विष उतरे. रसशास्त्राच्या ग्रंथांत वंगाचे, म्हणजे कथलाचे, खुरक आणि मिश्रक असे दोन प्रकार सांगून खुरकच औषधास घ्यावा असें बजावलेलें आहे; मिश्रक म्हणजे शिशानें बाटलेला, असा त्याचा अर्थ लावतात. जाणत्या घरांतून कांडी पारखून घेण्याची युक्तिही सोपी होती. शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ धरून वाकविली तर आंतून बारीक चरचर ऐकूं येते. शिसें मुकें असतें, आणि कागदावर ओढलें तर काळी रेघ उमटवितें.

येथेंच गंमत आहे. जें शिसें भांड्यांत घालणें हा अपराध, तेंच डाखांत घातलें म्हणजे गुण ठरतें. कथील २३२ अंशांवर वितळतें, शिसें ३२७ अंशांवर. दोहोंचें मिश्रण मधल्या कोठल्या तरी अंशावर वितळेल असा साधा तर्क. पण तो खोटा ठरतो. दोन्ही एकत्र आलीं म्हणजे दोहोंपेक्षां कमी उष्णतेंत पाणी होतात, आणि कथील ६३ भाग व शिसें ३७ भाग ह्या प्रमाणास तर अवघ्या १८३ अंशांवर, मध्यें मऊ लगद्याची अवस्था न येतां, घनाचें द्रव व द्रवाचें घन होतें. असल्या मिश्रणांस ‘युटेक्टिक’ ही संज्ञा इंग्लंडांतील फ्रेडरिक गथ्री ह्यानें १८८४ सालीं दिली. त्याच्या आधीं अठराशें वर्षें रोमन ग्रंथकार प्लिनी ह्यानें दोन भाग शिसें व एक भाग कथील अशा डाखाचा नळ जोडण्याकडे उपयोग होतो म्हणून लिहून ठेवलें आहे. त्यास कारण ठाऊक नव्हतें, उपयोग ठाऊक होता.

नळ जोडणाऱ्याचा डाख आणि रेडिओ जोडणाऱ्याचा डाख एक नव्हे, हें मात्र हौशी लोकांस बहुधा ठेंच लागूनच कळलें. तीस भाग कथील आणि सत्तर भाग शिसें असा डाख १८३ अंशांपासून सुमारें २५५ अंशांपर्यंत ओल्या मातीसारखा लिबलिबीत राहतो. नळ जोडणाऱ्यास तेंच हवें असतें, कारण त्यास फडक्यानें सांध्याभोंवतीं डाख चोपून आकार द्यावयाचा असतो. पण बारीक तार पट्टीवर धरून ठेवणाऱ्याचा हात त्या लिबलिबीत अवस्थेंत जरा हालला तर सांधा वरून धड आणि आंतून भंगलेला राहतो. असा सांधा पांढुरका, दाणेदार दिसतो. यंत्र टेबलावर असेंपर्यंत तें गातें. उचलून दुसरीकडे ठेवलें कीं मुकें होतें, आणि दोष सांपडतां सांपडत नाहीं. निम्मे-निम्मे प्रमाणाचा डाख पत्र्याचे डबे करणाऱ्यांकडे सर्रास मिळे. तो सुमारें २१५ अंशांवर पुरा पातळ होतो आणि जाड कामास चालतो. परंतु बिनतारी यंत्रास साठ भाग कथील व चाळीस भाग शिसें हेंच प्रमाण पुढें रूढ झालें. १८३ अंशांच्या थोडेंसेंच वर तो पुरा वितळतो, भरभर पसरतो आणि लवकर थिजतो. ६३ ऐवजीं ६० घेण्यांत कथलाची कांहीं बचत, एवढाच त्यांतील व्यवहार.

हिंदुस्थानांत ही हौस आली ती पहिल्या महायुद्धानंतर. १९२१ सालीं अमरेंद्रचंद्र गुप्तू ह्यांनीं ‘२ जेके’ ह्या संज्ञेनें हौशी केंद्र चालविलें. दोन वर्षांनीं, १९२३ च्या जूनमध्यें, मुंबईच्या रेडिओ क्लबनें कार्यक्रम प्रक्षेपित करण्यास आरंभ केला. आणि २३ जुलै १९२७ रोजीं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें मुंबई केंद्र सुरू झालें. आयतें यंत्र विकत घेणें मध्यम स्थितीच्या गृहस्थास झेपण्यासारखें नव्हतें. मासिकांतील आकृति समोर ठेवून, लांकडी फळीवर भाग बसवून यंत्र बांधणें हाच पुष्कळांचा मार्ग होता. विजेचें अवजार सर्वांस कोठून असणार? खेड्यापाड्यांत वीज पोंचलेली नव्हती. तांब्याच्या ठोकळ्याचें जड अवजार शेगडींत तापवावयाचें, नवसागराच्या वडीवर घांसून साफ करावयाचें, आणि तें निवण्याच्या आंत सांधा उरकावयाचा. फार तापलें तर कथलाचा लेप जळून जाई, निवालें तर सांधा कच्चा.

अशा वेळीं शेजारच्या डबेवाल्या कारागिराकडे धांव घेणें साहजिक होतें, आणि तेथेंच घात होता. पत्र्याचें काम करणारे लोक मिठाच्या तेजाबांत जस्ताचे तुकडे टाकून तो ‘मारतात’ आणि तें पाणी सांध्यास लावतात. डबा, कंदील, घागर ह्यांस तें उत्तम. डाख पाण्यासारखा धांवतो, आणि काम झाल्यावर भांडें धुऊन टाकलें कीं झालें. रेडिओचें यंत्र धुतां येत नाहीं. तारेच्या वेष्टनाखालीं, पट्टीच्या फटींत राहिलेलें जस्ताचें क्षार हवेंतील ओल शोषून घेतें. त्या ओलींतून वीज झिरपते आणि तांब्याची बारीक तार हिरवी पडून तुटते. वऱ्हाडांत तर ह्याची गति विशेष फसवी. वैशाखाच्या कोरड्या उन्हांत बांधलेलें यंत्र मृगाचा पाऊस पडेपर्यंत निर्दोष चालतें, आणि श्रावणांत जेव्हां घरीं बसून ऐकावयाचें तेव्हांच बंद पडतें. बांधणारा बिचारा व्हॉल्व्हला दोष देतो! कल्हईवाल्याचा नवसागरही ह्याच कारणानें त्याज्य. म्हणजे पिढीजाद कारागिरापासून धातूची स्वच्छता शिकावी, पण ती साधण्याचें त्याचें द्रव्य मात्र उचलूं नये, असा हा पेंच होता.

ह्यावर उतारा सांपडला तो राळेचा. चिडाच्या झाडाचा चीक तापवून टर्पेंटाइन काढून घेतलें म्हणजे मागें उरते ती राळ. थंड असतां ती कांचेसारखी निरुपद्रवी, विजेस अडविणारी. तापली कीं तिच्यांतील सौम्य आम्ल जागें होऊन तांब्यावरील मळ खातें. पुन्हां थिजली कीं निजतें. सांध्यावर राहिली तरी हानि नाहीं. तिचा दोष एवढाच कीं ती दुबळी आहे. गंजक्या तारेवर किंवा लोखंडावर तिचें कांहीं चालत नाहीं. म्हणून राळ वापरणारानें तार आधीं चाकूनें खरवडून लखलखीत करावी लागते. कांडीस राळ लावण्याची खटपटही पुढें वांचली. शिकागोच्या केस्टर ह्या नांवानें विकल्या जाणाऱ्या डाखाच्या तारेंत राळ पोटांतच भरलेली असे, आणि इंग्लंडांतील ‘एर्सिन मल्टिकोअर’ तारेंत एकाऐवजीं तीन गाभे ठेवले गेले, कारण एकच गाभा असला आणि तो मध्येंच कोठें तुटला तर तेवढ्या तुकड्यास राळ मिळत नाहीं. ही क्षुल्लक वाटणारी सुधारणाच नवशिक्याच्या हातीं धड यंत्र देण्यास अधिक कारण झाली, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं. धातु आणि राळ दोन्ही एकाच क्षणीं, एकाच जागीं पोंचूं लागलीं.

१९३९ सालीं युद्ध सुरू होतांच हौशी लोकांचे परवाने रद्द झाले आणि यंत्रें सरकारजमा करण्याचे हुकूम सुटले. १९३३ च्या कायद्यानें विनापरवाना बिनतारी यंत्र बाळगणें हाच मुळीं गुन्हा ठरलेला होता. मुंबईचे नरिमन प्रिंटर हे अशा परवानाधारक हौशी लोकांपैकीं एक. त्यांनीं आपलें प्रक्षेपक यंत्र जमा न करतां तें सुटें केलें आणि भाग निरनिराळे लपविले. येथें डाखाचा एक गुण नजरेस येतो, ज्याकडे बांधणाराचें लक्ष एरवीं जात नाहीं. खिळा ठोकून, वितळजोड करून बसविलेला भाग मोडल्याखेरीज निघत नाहीं. डाखाचा सांधा मात्र ज्या उष्णतेनें जुळतो त्याच उष्णतेनें उलगडतो, आणि भाग जसाचा तसा हातीं येतो. यंत्र नाहींसें झालें. राहिला तो कंडेन्सर, वेटोळीं व तारा ह्यांचा पसारा.

१९४२ च्या ऑगस्टांत तोच पसारा पुन्हां यंत्र झाला. कांहीं सामग्री शिकागो रेडिओ कंपनीचे नानक मोटवानी ह्यांच्याकडून आली. २७ ऑगस्ट रोजीं काँग्रेस रेडिओ बोलूं लागला, आणि त्यानें निवडलेली लहर हौशी लोकांच्या नेहमींच्या ४० मीटरच्या पट्ट्यांतलीच होती. बांधणाराचा हात ज्या वेटोळ्यांस सरावलेला, तींच वेटोळीं. सुमार पाहिला तर ह्याहून वाईट काळ कथलास आला नव्हता. १५ फेब्रुवारीस सिंगापूर पडलें होतें. मलाया आणि बांका बेट, म्हणजे जगांतील कथलाच्या मोठ्यांत मोठ्या खाणी, जपानच्या हातीं गेल्या होत्या. दोस्त राष्ट्रांनीं डाखांतील कथलाचें प्रमाण उतरवून शिसें चढविलें. डाखाची चांगली तार हातीं असणें म्हणजे त्या दिवसांत ठेवाच.

पोलिसांच्या नजरेंतून सुटावें म्हणून हें केंद्र एका जागीं फार दिवस राहत नसे. आज चौपाटीवरील इमारत, उद्यां दुसरी गल्ली. यंत्र दर वेळीं उचलावें, हलवावें, मांडावें लागे. असा प्रवास हीच सांध्यांची खरी कसोटी. शिशामुळें डाखास जी मऊपणाची जोड मिळते ती येथें उपयोगी पडते. धक्का बसला तर असा सांधा तडकण्याऐवजीं किंचित्‌ नमतो. यंत्रानें दगा दिला नाहीं. दगा माणसानें दिला. एका तंत्रज्ञानें विश्वासघात केला असें उषाबेन पुढें सांगत. १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं गिरगांवांतील पारेखवाडींत, कार्यक्रम चालू असतांच, पोलीस दार फोडून आंत शिरले. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली; १९४६ सालीं त्या सुटल्या.

त्याच १९४६ सालापासून हौशी परवाने पुन्हां मिळूं लागले, आणि १५ मे १९४८ रोजीं महू येथील लष्करी सिग्नल शाळेंत हौशी लोकांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. १६ जुलै १९४८ रोजीं नागपूर केंद्र सुरू झाल्यानें वऱ्हाडास जवळचा आवाज मिळाला. लष्करानें मोडीत काढलेलीं यंत्रें बाजारांत आलीं. हौशी लोक तीं विकत घेऊन सांधे उकलीत आणि त्यांच्याच भागांतून आपलीं यंत्रें बांधीत. त्या पिढीची विद्या निम्मी जोडण्याची आणि निम्मी सोडविण्याची होती. पुढें व्हॉल्व्ह जाऊन ट्रान्झिस्टर आले, फळी जाऊन तांब्याचा पत्रा चिकटविलेली पट्टी आली. जाड तारांस १६ किंवा १८ नंबरची डाखतार लागे. पट्टीवरच्या नाजूक टिकल्यांस २२ नंबरची, म्हणजे पाऊण मिलिमीटरहूनही बारीक. जाड तार अशा पट्टीवर टेकविली तर डाख ओघळून दोन शेजारी वाटा एक करतो, आणि तो उपसण्यांतच तांब्याची टिकली उखडते.

शिशाचा जुना हिशेब मात्र मिटलेला नव्हता. टाकून दिलेलीं यंत्रें उकिरड्यावर पडून त्यांतील शिसें माती-पाण्यांत उतरूं लागलें, तेव्हां युरोपांत १ जुलै २००६ पासून नव्या विद्युत्‌ यंत्रांतील शिशास बंदी आली. भारतानेंही २०११ सालीं नियम करून १ मे २०१४ पासून शेंकडा ०.१ ह्याहून अधिक शिसें असूं नये अशी मर्यादा घातली. कारखान्यांनीं कथील ९६.५, चांदी ३ आणि तांबें अर्धा भाग असा डाख स्वीकारला. तो २१७ अंशांवर वितळूं लागतो, म्हणजे जुन्याहून चौतीस अंश अधिक. त्याचा चांगला सांधाही पांढुरका दिसतो, त्यामुळें डोळ्यानें कच्चा-पक्का ओळखण्याची जुनी खूण निरुपयोगी होते. यंत्रानें सांधे घालणाऱ्या कारखान्यास हें परवडतें. घरीं एक-एक सांधा घालणारे पुष्कळ लोक अजूनही साठ-चाळीसच पसंत करतात, आणि तें केवळ हट्टापायीं नव्हे. सांधा घालतांना जो धूर उठतो तो शिशाचा नसून राळेचा असतो. त्या उष्णतेंत शिशाची वाफ होत नाहीं. राळेचा धूरही नाकास व फुप्फुसांस अपायकारकच, म्हणून खिडकी उघडी हवी. शिसें पोटांत जातें तें बोटांवाटे. तार दांतांत धरण्याची खोड पुष्कळांस असते, ती सोडावी, आणि हात धुतल्यावांचून घांस घेऊं नये. लहान मुलें असलेल्या घरीं शिसेविरहित डाखच बरा. कल्हईवाल्याच्या काळीं जाणती गृहिणी जें पाहत होती, तें आतां बांधणारानें पाहावयाचें.

२००३ सालीं हैदराबादच्या अशहर फरहान ह्यांनीं ‘बिटएक्स’ नांवाचें प्रक्षेपक-ग्राहक यंत्र रचलें आणि त्याची आकृति सर्वांस खुली केली. परदेशी वेटोळी-कडीं मिळत नाहींत, तर पाण्याच्या तोटींतील वॉशरावर तार गुंडाळावी, अशी त्यांतील योजना. बाकीचे भाग कोणत्याही रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानांत सांपडतील असे. सहा वॅटच्या ह्या यंत्रानें लोक समुद्रापलीकडे बोलले. पुढें त्याचे जुळणीचे संचही निघाले. अशा बहुतेक संचांत पट्टी असते, भाग मोजून दिलेले असतात, आकृति असते. डाख नसतो. साठ-चाळीसची, राळेच्या गाभ्याची, २२ नंबरची रीळ ज्यानें त्यानें वेगळी आणावयाची असते.